कॅमेऱ्यावरची दुधाची पिशवी

हॉलमध्ये कॅमेरा बसवायचा म्हणून लेकीनं फोनवर विषय काढला, तेव्हा मी तिच्यावर इतका ओरडलो की शेजारच्या पंजाबी बाईंनी दार वाजवून विचारलं, "भाईसाहब, सब ठीक है ना?"

काहीही ठीक नव्हतं. बायको झोपेतच गेली, त्याला चार महिने झाले होते. फरीदाबादच्या ह्या तीन खोल्यांत मी एकटा, आणि एकुलती एक लेक लग्न होऊन पुण्यात. गंमत बघा, नोकरीपायी आम्ही नवराबायको सातारा जिल्ह्यातून दिल्लीला आलो, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार केला, पोरगी तिथल्या मैदानात हिंदीतून भांडत मोठी झाली, आणि शेवटी महाराष्ट्रात गेली ती तीच. आम्ही आपले इथेच. निवृत्तीनंतर फरीदाबादला फ्लॅट घेतला तो हिच्या हट्टाखातर, कारण हिच्या दोन मैत्रिणी इकडे राहायला आल्या होत्या. त्या मैत्रिणी आता मुलांकडे गेल्या, ही तर गेलीच. फ्लॅट तेवढा राहिला.

"बाबा, तुम्ही पडलात-बिडलात तर मला कळणार कसं?" लेक म्हणाली.

"पडलो तर फोन करीन."

"पडलेला माणूस फोन कसा करेल? काहीतरीच!"

"आणि तू बघून काय करणार आहेस? पुण्याहून उचलायला येणार?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. तिनं फोन ठेवला. पण हट्टीपणात ती माझ्यावरच गेली आहे. पुढच्या रविवारी बाजारातला कॅमेरेवाला शिडी घेऊन दारात हजर. पुण्यात बसून परस्पर सगळं ठरवून टाकलं होतं तिनं.

संत्र्याएवढा पांढरा कॅमेरा. शोकेसच्या वर, छताजवळ भिंतीला ठोकला. त्यातून दार, जेवणाचं टेबल आणि माझी आरामखुर्ची दिसायची. कॅमेरेवाल्यानं माझ्या मोबाईलमध्येही ते ॲप घालून दिलं आणि जाताना वर बघून म्हणाला, "अंकलजी, अब बिटिया वहाँ से सब देखेगी."

आठ दिवस मी त्या कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलो. बनियनवर फिरायची चोरी, नाक खाजवायची चोरी. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वावरत होतो आणि मनातल्या मनात लेकीला शिव्या घालत होतो. तिनं मात्र फोनवर कॅमेऱ्याचं नावही काढलं नाही. रोज संध्याकाळी साडेसातला फोन यायचा. जेवण काय, गोळ्या घेतल्या का, बाई आली होती का. पाचएक मिनिटांत आटपायचं.

त्याच सुमाराला एकदा दुपारी आरामखुर्चीत माझा डोळा लागला. जागा झालो तर टेबलावर मोबाईल केकाटत होता. लेकीचे पाच फोन येऊन गेले होते. उचलला तर तिचा आवाज चिरकलेला. "काय करत होतात?"

"झोपलो होतो, दुसरं काय!" मी खेकसलो.

"बरं," म्हणाली, आणि ठेवूनच दिला. ऑफिसमध्ये कुणाशी वाजलं असेल असं समजून मी ते सोडून दिलं.

मग एक दिवस भाजी आणायला निघालो आणि सवयीनं तोंडातून निघालं, "येतो गं." अडतीस वर्षं दाराबाहेर पडताना मी हे म्हणत आलो आणि आतून हिचं "या" ऐकू यायचं. हिच्यामागे मी ते म्हणायचंच सोडलं होतं. त्या दिवशी म्हटलं गेलं ते कॅमेऱ्याकडे बघून. उत्तर कसलं येतंय! पण जिना उतरताना बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, बघणारं कुणीतरी आहे.

तिथून माझं वागणंच बदललं. तोवर मी ओट्यापाशी उभ्या उभ्या, कढईतूनच खात होतो. आता टेबलावर ताट मांडून, पाण्याचा तांब्या घेऊन बसू लागलो. रोज दाढी. घरात इस्त्रीचा शर्ट. सणावारी हिच्या फोटोला हार घालायचा तो कॅमेऱ्यात नीट दिसेल असा. सकाळी सहाला हॉलमध्ये आलो की वर बघून जरा हात हलवायचा. लेकीसमोर हे कबूल करायची मला लाज वाटायची, पण दिवसातून दहादा मी त्या संत्र्याकडे बघत होतो.

एकदा फोनवर सहज विचारल्यासारखं करून विचारलंच. "काय गं, नीट दिसतो ना मी?"

"हो बाबा. जरा धुंधला असतं, पण चालतंय."

चालतंय! ह्या शब्दाचा मला मनस्वी राग. आयुष्य सरकारी ऑफिसात गेलं माझं. चालतंय म्हणजे न झालेलं काम. लेक बापाला बघायला मोबाईल उघडते आणि तिला धुरकट दिसतंय? मग मी रोज दाढी घोटतोय कुणासाठी?

दुसऱ्या दिवशीच मी ते काम अंगावर घेतलं. जुनी डायरी काढली, वर विषय लिहिला, खाली अधोरेखित केलं, फाइलवर टिपण लिहायचो तसं. आधी स्टुलावर चढून कॅमेऱ्याची काच पुसली. हिच्या जुन्या सुती साडीचा तुकडा होता, त्यानं. तुकडा काळा झाला. दिल्लीकडची धूळ, ती कुणाला सोडत नाही. मग चष्मा लावून ॲप उघडलं. एकेक पायरी खाली उतरत गेलो तेव्हा चित्राचा दर्जा म्हणून एक जागा सापडली. कमी, मध्यम, उच्च असे तीन पर्याय, आणि आमचा कॅमेरा बसल्या दिवसापासून 'कमी'वर! माझं डोकंच फिरलं. कॅमेरेवाल्याला फोन लावला.

"अंकलजी, आपका नेट हल्का है," तो म्हणाला. "हाई पे करोगे तो पिक्चर अटकेगी."

"अटकने दो! शकल तो दिखनी चाहिए ना भाई!"

बिचारा हसला आणि त्यानं शांतपणे समजावलं. बिटरेट म्हणून एक आकडा असतो, तो म्हणजे नळाची चावी समजा. जास्त सोडली की चित्राचा माल जास्त जातो, चित्र स्वच्छ येतं. पण पाइपच बारीक असेल तर तुंबतं. मी ऐकतोय कसला! सगळंच शेवटापर्यंत चढवून ठेवलं. मग टेबलावर बसून मोबाईलमध्ये स्वतःला जेवताना बघितलं, तर मी घास चावून गिळला तरी चित्रातला हात अजून ताटातच.

मग चार दिवस हाच उद्योग. बिटरेट थोडा उतरवायचा, बघायचं, डायरीत लिहायचं. सेकंदाला किती चित्रं घ्यायची तेही ठरवता येतं. ती मी निम्म्यावर आणली. म्हटलं, मी काही घरात धावत नाही. कमी चित्रं गेली तरी चालतील, पण जे दिसेल ते लख्ख दिसू दे. खिडकीचा उजेड पाठीमागून येऊन चेहरा काळा पडत होता, म्हणून आरामखुर्ची सरकवून दुसऱ्या भिंतीला लावली. ह्या फ्लॅटमध्ये आल्यापासून हिनं ती खुर्ची जागची हलू दिली नव्हती. मनात म्हटलं, रागावू नकोस, पोरीसाठी चाललंय.

पाचव्या दिवशी सकाळी जमलं. मोबाईलमध्ये भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येत होती. खुर्चीत एक म्हातारा बसला होता, गालफडं बसलेली, गळ्याची कातडी लोंबणारी. क्षणभर वाटलं, हा कोण? पण चित्र मात्र फर्स्ट क्लास. डायरीत तारीख टाकून खाली सही केली.

तेवढ्यात सफेदीवाला आला. हॉलच्या छताला ओल आली होती, म्हणून त्याला बरेच दिवसांपासून सांगून ठेवलं होतं. त्यानं शोकेसवर चादर टाकली, पंखा झाकला आणि कॅमेऱ्यावर चुन्याचे शिंतोडे नकोत म्हणून ओट्यावरची दुधाची रिकामी पिशवी उलटी करून घातली, वर रबरबँड लावला. संध्याकाळी चादर काढली, पंखा मोकळा केला आणि गेला. मी फरशी पुसण्यात गुंतलो होतो. डोक्यात एकच, साडेसात कधी वाजतात.

वाजले. लेकीचा फोन आला. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"आधी कॅमेरा उघडून बघ. चार दिवस खपलोय मी त्याच्यामागे. आता सांग, कसं दिसतंय?"

"हो बाबा! बिल्कुल क्लिअर. एकेक गोष्ट दिसतेय."

"कॅलेंडरची तारीख दिसते?"

"दिसते ना. कमाल आहे तुमची, सच्ची!"

मी असा खूश झालो म्हणून सांगू! बढतीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही झालो नव्हतो. फोन ठेवला, आरामखुर्चीत टेकलो, आणि सवयीनं वर बघितलं.

दुधाची पिशवी. निळी अक्षरं उलटी, रबरबँड जागच्या जागी.

उठलो, खाली उभा राहून पुन्हा बघितलं. ॲप उघडलं, तर पडदाभर नुसतं पांढुरकं. कॅलेंडर नाही, खुर्ची नाही, मी नाही.

मला राग आला नाही, ह्याचंच मला नवल वाटलं. नाकावर राग असलेला माणूस मी. पण मी नुसता टेबलापाशी बसून राहिलो. इतके महिने मी कुणासाठी ताट मांडून जेवत होतो? कुणाला "येतो गं" म्हणत होतो? भिंतीला?

मग तात्या आठवले. माझे वडील. गावाहून दर पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र यायचं, चार पानी. पीक, पाऊस, गुरं, कोण वारलं, कुणाचं ठरलं. माझी नवी नवी नोकरी, ऑफिसातल्या फाइली, घरात तान्ही पोर. मी पाकीट फोडायचो, वरच्या दोन ओळी वाचायचो आणि लगेच कार्ड लिहायचो: आपले पत्र पोचले, मजकूर समजला, प्रकृतीस जपावे. सगळेच तसं लिहीत. एकदा त्यांनी तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की एक डोळा पार गेला, दुसऱ्यानंही धड दिसत नाही, हे पत्र अंदाजानं लिहितोय. ते पान न वाचताच मी उत्तर धाडलं, मजकूर समजला. त्यापुढची पत्रं शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरात येऊ लागली. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा ओसरीवर चाचपडत माझ्याकडे येणारे तात्या बघून मला कळलं. ते एका शब्दानं बोलले नाहीत. "प्रवास बरा झाला ना?" एवढंच विचारलं.

आता कुठल्या तोंडानं मी लेकीला बोलणार?

पण पिशवी मी काढली नाही. काढायला स्टुलावर चढायचं एवढंच काम होतं, आणि तेच होईना. म्हटलं, बघू तरी. कधी ना कधी उघडेल. उघडलं की विचारेल, बाबा, हे पांढरं काय? दुसरा दिवस गेला. साडेसातला फोन, जेवण, गोळ्या, बाई. तिसरा गेला. चौथा गेला. रोज फोनच्या वेळी मला वाटायचं, आज विचारेल. ती काही विचारत नव्हती. मी पुन्हा ओट्यापाशी उभा राहून कढईतून खाऊ लागलो. दाढी वाढली. छताची ओल वाळावी म्हणून हॉलचा पंखा मी दिवसरात्र चालू ठेवला होता आणि त्याच्या वाऱ्यानं ती पिशवी दिवसभर फडफडायची. एका बाजूनं रबरबँड निसटला होता. तो फडफडाट ऐकून मला त्या पिशवीचाच संताप यायचा.

पाचव्या दिवशी मला ताप भरला. आतल्या खोलीत अंथरुणातच पडून होतो. बाईनं येऊन चहा-बिस्किटं उशाशी ठेवली. "अंकलजी, दीदी को फोन कर दूँ?" तिनं विचारलं. मी नको म्हटलं. मनात असं होतं की बघूच आज. दिवसभर बाप हॉलमध्ये आला नाही, हे तरी कळतं का ते. म्हातारपणी माणूस असा पोरकट होतो, मी कुणाला दोष देत नाही.

संध्याकाळी ताप उतरला. साडेसातला फोन आला. लेकीचा आवाज चक्क आनंदी.

"काय बाबा, आज खूप चालणं झालं वाटतं! सकाळपासून सारखं सारखं मोबाईल वाजतोय तुमच्या घराचा. चार-पाच दिवस बघतेय मी, एकदम ॲक्टिव्ह झालायत. असंच पाहिजे!"

मला काही उमजेना. "मोबाईल वाजतो म्हणजे?"

"अहो, कॅमेऱ्यासमोर काही हललं की माझ्याकडे टिंग वाजतं ना. आज तर दिवसभर टिंग टिंग."

डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि इतके दिवस धरून ठेवलेला बांध फुटला. "अगं, मी दिवसभर अंथरुणात आहे! तापानं फणफणलो होतो! चालतेय ती दुधाची पिशवी!"

"काय?"

"कॅमेऱ्यावर पिशवी आहे दुधाची! सफेदीवाल्यानं घातलेली! तू मला एकेक गोष्ट दिसते म्हणालीस तेव्हाही होती! पाच दिवस आहे! मी मेलो असतो ना, तरी ती पिशवी फडफडत राहिली असती आणि तू म्हणाली असतीस, बाबा आज छान चालतायत!"

पलीकडे ती रडतेय हे कळलं. लहानपणी क्वार्टरच्या जिन्यात बसून रडायची तशी, आवाज न करता, नाक ओढत.

"मी नाही उघडत बाबा," ती म्हणाली. "मला नाही जमत. सुरुवातीला एकदा उघडलं होतं दुपारी, ऑफिसमधून. तुम्ही खुर्चीत होतात, मान एका बाजूला, तोंड उघडं. बिल्कुल हलत नव्हतात. मी फोन लावला. तुमचा मोबाईल टेबलावर चमकताना मला दिसत होता आणि तुम्ही उठत नव्हतात. पाच वेळा लावला मी. मला वाटलं, आईसारखंच... आणि मी इथे खुर्चीवर बसून बघतेय."

मला तो दिवस आठवला. 'झोपलो होतो, दुसरं काय', असं मी तिच्यावर खेकसलो होतो.

"त्यानंतर हिंमतच नाही झाली. सकाळी सहाला टिंग वाजलं की कळतं, बाबा उठले. मग मी अंघोळीला जाते. तेवढं वाजलं नाही तर मी..."

म्हणजे रोज सकाळी मी हात हलवत होतो आणि पुण्यात एक मोबाईल वाजत होता. तो हात तिनं कधी पाहिला नव्हता. पण त्या आवाजासाठी ती रोज जागी राहून वाट बघत होती. मला काय वाटलं ते मला आजही धड सांगता येत नाही. बरं वाटलं, आणि फार एकटंही वाटलं.

"थांब," मी म्हटलं. "पिशवी काढतो."

"स्टुलावर चढू नका! ताप आहे ना तुम्हाला!"

"उतरलाय." फोन स्पीकरवर ठेवून मी शोकेसला धरून चढलो आणि पिशवी ओढून काढली. "घे. आता उघड. आणि खरं सांग."

मी स्टुलावरून उतरून कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. पाच दिवसांची दाढी, बनियन, तापानं ओढलेलं तोंड. शर्ट घालायला हवा होता, हे तेव्हा सुचलं.

"दिसतंय?"

"हो."

"तारीख?"

"तारीख दिसते. खुर्ची तिकडे का नेलीत?" आणि मग एकदम तिचा आवाज फुटला. "बाबा, किती वाळलात हो! हाडं दिसतायत गळ्याची. आई असती तर..."

मी म्हटलं, "ताप होता ना आज, म्हणून दिसतंय तसं." तापानं एका दिवसात कुणी इतका वाळत नाही, हे तिलाही कळत असणार.

ती नाक ओढत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "बाबा, ते पहिलं धुंधलावालंच राहू द्या ना. तसं परत करता येतं का?"

"येतं की. त्यात काय मोठंसं!"

चष्मा लावला, मोबाईल घेतला. ओळीनं सगळं खाली आणत गेलो, डायरी न बघता. दर्जा उच्चवरून मध्यम, मध्यमवरून कमी. चित्रात कॅलेंडर विरघळलं, मग गळा, मग चेहरा. खुर्चीजवळ एक माणूस उभा आहे, एवढंच उरलं.

"आता?"

"आता बरं आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सहाच्या ठोक्याला हॉलमध्ये आलो. कॅमेऱ्याखाली उभा राहून हात हलवला. एकदा हलवून भागलं असतं, पण तिला नक्की ऐकू जावं म्हणून बराच वेळ हलवत राहिलो.